किलोमीटर तेवढेच, तास वेगळे

वाचक विचारतात : दूरच्या शहरांचे हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

दूरच्या विमानप्रवासाबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतात : अंतर नेमके किती, आणि वेळ नेमका किती. अंतर भूमितीने ठरते आणि ते बदलत नाही. वेळ मात्र वारा, हवाई हद्दी, धावपट्टी आणि घड्याळ मिळून ठरवतात. म्हणून अंतराला वेगाने भागून आलेल्या उत्तरावर कुणी गाडी बुक करू नये, एवढे आधीच सांगून पत्रांकडे वळतो.

प्रश्न (कोथरूड) : पुणे ते लंडन हवाई अंतर शोधले तर एका ठिकाणी ७,३२८, दुसऱ्या ठिकाणी ४,५५३, तिसऱ्या ठिकाणी ३,९५७ आणि चौथ्या ठिकाणी ७,२१० असे आकडे मिळाले. खरा कोणता? आणि हे अंतर घरी काढता येते का?

उत्तर : चारही खरे आहेत. पहिले तीन म्हणजे एकच अंतर तीन मापांत : किलोमीटर, साधे मैल (१ मैल = १.६०९ किमी) आणि नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). वैमानिक आणि हवाई नियंत्रक नॉटिकल मैल वापरतात, कारण एक नॉटिकल मैल म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर, आणि नकाशावर ते लगेच मोजता येते. बऱ्याच संकेतस्थळांवर आकड्यापुढे नुसते ‘मैल’ लिहिलेले असते, घोळ तिथे होतो. चौथा आकडा किलोमीटरमध्येच आहे, पण तो मुंबई विमानतळापासूनचा आहे. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) आणि मुंबई विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२५ किमी अंतर आहे.

घरी काढायला मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. लोहगाव घ्या : उत्तर अक्षांश १८.५८, पूर्व रेखांश ७३.९२. लंडनचा हिथ्रो विमानतळ : उत्तर अक्षांश ५१.४७, पश्चिम रेखांश ०.४५. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे, म्हणून रेखांशांतला फरक ७३.९२ + ०.४५ = ७४.३७ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.३१८६ × ०.७८२३ = ०.२४९३. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांश-फरकाच्या कोसाइनने गुणा : ०.९४७९ × ०.६२२९ × ०.२६९४ = ०.१५९१. दोन्हींची बेरीज ०.४०८४. तिचा व्यस्त कोसाइन सुमारे ६५.९ अंश. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून ६५.९ × १११.२ = सुमारे ७,३३० किमी.

चुका ठरलेल्या जागी होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असेल तर उत्तर पार भलतेच येते, आणि ते ओळखू तरी येते. दुसरी चूक ओळखू येत नाही. नकाशात ५१ अंश २८ मिनिटे लिहिलेले असते आणि आपण ५१.२८ भरतो. मिनिटांना ६० ने भागायचे असते, म्हणजे बरोबर आकडा ५१.४७. ही एक चूक अक्षांशात एकवीस किलोमीटरची गडबड करते. तिसरी चूक दक्षिण गोलार्धातली. सिडनी किंवा जोहान्सबर्गचा अक्षांश उणे धरायचा विसरला तर शहर विषुववृत्ताच्या अलीकडे येऊन बसते. मुंबई ते सिडनी सुमारे १०,१६० किमी आहे. तुमचे उत्तर यापासून फार दूर गेले तर आधी चिन्ह तपासा.

पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने (विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७ किमी) या रीतीत फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. लंडनच्या अंतरात ती जास्तीत जास्त पस्तीस-छत्तीस किलोमीटर, म्हणजे उड्डाणाची दोन-अडीच मिनिटे.

प्रश्न (सहकारनगर) : विमान जमिनीपासून अकरा किलोमीटर उंचावरून जाते. मग वर्तुळ मोठे होऊन अंतर वाढत नाही का?

उत्तर : वाढते, पण नगण्य. त्रिज्या ६,३७१ वरून ६,३८२ किमी झाली की अंतर ०.१७ टक्के वाढते. पुणे-लंडनला ते बारा-तेरा किलोमीटर होतात.

प्रश्न (औंध) : मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. नकाशावर पुण्याहून पूर्वेला सरळ रेघ ओढली तर ती चीन, तैवान आणि पॅसिफिकवरून जाते. विमानातल्या पडद्यावर मात्र विमान थेट उत्तरेकडे, बर्फाच्या प्रदेशाकडे निघालेले दिसते. लांबचा रस्ता कशासाठी?

उत्तर : लांबचा रस्ता तुमच्या रेघेचा आहे. भिंतीवरचा नकाशा गोल पृथ्वी ताणून सपाट करतो आणि उत्तरेकडचे प्रदेश प्रत्यक्षापेक्षा कितीतरी रुंद दाखवतो. गोलावर दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत आखूड वाट म्हणजे दोन्हींतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा तुकडा. शाळेच्या भूगोलात विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे असे शिकवतात. तसेच वर्तुळ पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातूनही काढता येते.

घरात ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर एक प्रयोग जरूर करा. न ताणणारा दोरा घ्या, लोकर नको. एक टोक पुण्यावर अंगठ्याने दाबा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर न्या आणि दोरा ओढून ताठ करा. तो आपोआप सरकून उत्तरेकडे जाईल आणि मध्य आशिया, सैबेरिया, आर्क्टिक, अलास्का असा बसेल. मग दोरा मोजपट्टीवर ठेवा. या आकाराच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी. दोरा साधारण ३२ सेंटिमीटर भरेल, म्हणजे १३,६०० किमी. सूत्राने उत्तर १३,५४० येते. दोऱ्याने इतके जवळ पोचता येते.

आता तुमच्या रेघेचे गणित. नकाशावर सरळ दिसणाऱ्या, म्हणजे सतत एकच दिशा धरून जाणाऱ्या मार्गाने पुणे-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १६,१०० किमी पडते. अडीच हजार किलोमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ तीन तास आणि त्या तीन तासांचे इंधन. आखूड वाट ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर जाते, म्हणून खाली बर्फ दिसतो.

ही भूमितीतली वाट झाली. प्रत्यक्षात विमान तिच्या आसपास असते, तंतोतंत तिच्यावर क्वचितच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारी विमाने वाऱ्याप्रमाणे एखाद्या दिवशी अटलांटिकवरून आणि दुसऱ्या दिवशी पॅसिफिकवरूनही जातात. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे जगातले सर्वांत लांबचे नियमित उड्डाण बृहद्वृत्तावर १५,३४९ किमी आहे. तरीही पाठीवर वारा मिळावा म्हणून ते न्यूयॉर्कला जाताना अनेकदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेते. जास्त किलोमीटर जाऊनही वेळ वाचतो. त्यामुळे पडद्यावरचा रस्ता वाकडा दिसला तरी तो त्या दिवशीचा स्वस्त आणि जलद रस्ता असतो, असे धरून चालावे.

प्रश्न (हडपसर) : मुंबई-लंडन ७,२१० किमी. विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार आठ तास येतो. तिकिटावर पावणेदहा तास. पावणेदोन तास कुठे जातात?

उत्तर : तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलले की तो सुरू होतो आणि लंडनला गेटपाशी पुन्हा अडसर लागले की संपतो. या हिशेबाला ब्लॉक टाइम म्हणतात.

मुंबईत विमान मागे ढकलून इंजिने सुरू व्हायला पाच ते आठ मिनिटे, मग धावपट्टीपर्यंत दहा ते पंचवीस मिनिटे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणी वाहतूक चालवता येत नाही, आणि मध्यरात्री परदेशी उड्डाणांची गर्दी झाली की रांग लागते. उड्डाणानंतर पूर्ण उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किमीच्या आत ठेवायचा असतो. उतरतानाही शेवटचे दोन-अडीचशे किलोमीटर हळूहळू वेग कमी करत जायचे. हिथ्रोला त्यावर आणखी एक भर आहे. तिथे शहराभोवती चार ठिकाणी विमाने चकरा मारत वाट पाहतात, आणि गर्दीच्या वेळी या घिरट्यांत दहा-पंधरा मिनिटे जाणे नेहमीचे आहे.

बृहद्वृत्तावरून सरळ जाता येत नाही, ती भर वेगळी. ठरलेले हवाई मार्ग, बंद हद्दी आणि वादळांना दिलेले वळसे यांमुळे अंतर काही टक्क्यांनी वाढते. शिवाय पश्चिमेला जाताना वारा समोरून.

म्हणून आमचा घरगुती हिशेब असा : बृहद्वृत्ताच्या अंतरात ५ टक्के मिळवा. पश्चिमेला जायचे असेल तर ८५० ने, पूर्वेला जायचे असेल तर ९४० ने भागा. वर ४५ मिनिटे घाला. लंडनसाठी ७,५७० भागिले ८५० म्हणजे ८ तास ५४ मिनिटे, अधिक ४५, एकूण ९ तास ३९ मिनिटे. परतीला ७,५७० भागिले ९४०, अधिक ४५, म्हणजे ८ तास ४८ मिनिटे. देशांतर्गत छोट्या विमानांचा वेग कमी असतो, तिथे ८०० धरा. पुणे-दिल्ली १,१५५ किमी. या रीतीने सव्वादोन तास येतात, आणि वेळापत्रकही तेवढेच सांगते.

विमान कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे जास्तीची ठेवतात, हेही खरे. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते. त्यामुळे उशिरा निघूनही विमान वेळेवर पोचले तर वैमानिकाने फार वेग वाढवला असे समजू नये. जेट विमानाला वेग वाढवून लंडनपर्यंत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाचवता येत नाहीत.

प्रश्न (सदाशिव पेठ) : लंडनला जाताना जास्त वेळ आणि येताना कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून लंडन पुढे पळते आणि मुंबई जवळ येते असे एकांनी सांगितले. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते तर लंडन जवळ यायला हवे, म्हणजे उलटच व्हायला हवे ना?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि ते स्पष्टीकरण चुकीचे. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे फिरते. हवा जमिनीबरोबर फिरत नसती तर आपल्याला सतत त्या वेगाचा पश्चिमेकडे जाणारा वारा सोसावा लागला असता. डेक्कन क्वीनच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो पुन्हा हातातच पडतो, मागच्या डब्यात जात नाही. विमानाचेही तसेच. जमीन, हवा आणि विमान सगळी एकत्र फिरत असतात.

फरक वाऱ्याचा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण असा आडून. त्यांचा वेग ताशी शंभर ते दोनशे किमी सहज असतो, कधी त्याहून खूप जास्त. हिवाळ्यात हा प्रवाह दक्षिणेकडे सरकून उत्तर भारतावर येतो आणि जोरात असतो. म्हणून जाण्या-येण्यातला फरक डिसेंबर ते मार्चमध्ये सर्वांत जास्त जाणवतो आणि पावसाळ्यात कमी होतो.

आकड्यांत पाहा. विमानाचा हवेतला वेग ९०० आणि वाऱ्याची सरासरी ६० धरू. ७,२०० किमी जायला समोरून वारा असताना ८४० च्या वेगाने ८ तास ३४ मिनिटे लागतील, पाठीमागून असताना ९६० च्या वेगाने साडेसात तास. वारा नसता तर दोन्ही वेळा आठ-आठ. बेरजा करून पाहा : वारा असताना १६ तास ४ मिनिटे, नसताना १६ तास. जाताना गमावलेला वेळ येताना कधीच पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते.

हाच परिणाम पुणे-कोलकाता उड्डाणातही दिसतो. ते अंतर सुमारे १,५८० किमी आहे आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, म्हणून हिवाळ्यात जाताना आणि येताना वीसेक मिनिटांचा फरक पडतो. पुणे-दिल्ली बरेचसे दक्षिण-उत्तर असल्याने तिथे तो फारसा कळत नाही.

प्रश्न (कात्रज) : परत येताना पडद्यावर ताशी १,१०० किमी वेग दिसला. हा आवाजाच्या वेगापेक्षा जास्त झाला ना?

उत्तर : नाही. पडद्यावरचा वेग जमिनीच्या तुलनेतला असतो. त्यात पाठीवरच्या वाऱ्याचे दोनशे किमी मिळालेले असतात. हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्या नऊशेच्या आसपासच असते, म्हणजे त्या उंचीवरच्या आवाजाच्या वेगाच्या पंचाऐंशी टक्के.

प्रश्न (निगडी) : तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ असते, पण प्रवास किती तासांचा ते कळत नाही. एका तिकिटावर दुपारी अडीचला मुंबईहून निघून त्याच दिवशी साडेपाचला सॅन फ्रान्सिस्को असे दिसले. तीन तासांत अमेरिका?

उत्तर : दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजा करा. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दुपारी १४:३० मधून साडेपाच तास काढले की ०९:००. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आठ तास मागे, म्हणून १७:३० मध्ये आठ मिळवले की दुसऱ्या दिवसाचे ०१:३०. फरक साडेसोळा तास. हाच खरा प्रवास.

उन्हाळ्यात गणित बदलते, कारण युरोप आणि अमेरिका घड्याळ एक तास पुढे करतात. आपण करत नाही. समजा विमान मुंबईहून रात्री २ ला निघून लंडनला सकाळी ७ ला पोचते. जुलैत हा प्रवास साडेनऊ तासांचा, डिसेंबरात त्याच वेळा असतील तर साडेदहा तासांचा. ब्रिटन आणि युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जाते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मधल्या आठवड्यांत एकीकडचे घड्याळ बदललेले असते आणि दुसरीकडचे नसते. या दिवसांत लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनी मुलांना फोनवर वेळ सांगताना दोनदा तपासावे. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा आणि साडेबारा.

पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ किंवा ‘+२’ असेल तर तेवढे दिवस पुढची तारीख. सॅन फ्रान्सिस्कोहून १० तारखेला रात्री नऊला निघून सतरा तासांनी मुंबईत उतराल तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे १२ तारखेचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक : तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोचायचे. १५ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. तिकीट हाती आले की दिनदर्शिकेवर ‘१४ ची रात्र’ असेच लिहून ठेवा.

प्रश्न (विमाननगर) : पुण्यात एवढे उद्योग, एवढे आयटी. तरी लोहगावहून लंडन-न्यूयॉर्कला थेट विमान का नाही? प्रवासीच नाहीत असे तर नाही.

उत्तर : प्रवाशांच्या आधी धावपट्टीचा प्रश्न येतो. लोहगावची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर आहे, मुंबईची मोठी धावपट्टी ३,४५० मीटरच्या आसपास. शिवाय लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंचावर आहे, मुंबई विमानतळ जवळजवळ समुद्राच्या पातळीला. उंचीमुळे हवा विरळ. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८-४० वर गेला की ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त लांब धावावे लागते.

ड्रीमलाइनरसारख्या विमानाला लंडन गाठायला राखीव इंधन धरून ५० टनांच्या आसपास इंधन लागते. एवढे इंधन, पूर्ण प्रवासी आणि सामान घेऊन अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवरून उन्हाळ्यात उठायचे तर काहीतरी कमी करावे लागणार. प्रवासी कमी केले तर उड्डाण तोट्यात. इंधन कमी केले तर वाटेत उतरणे आले, आणि मग थेट म्हणण्यात अर्थ राहत नाही. दुबई, सिंगापूर, बँकॉक ही ठिकाणे मधल्या अंतरावर आहेत, तिथे एअरबस ए-३२० च्या जातीची छोटी विमाने कमी इंधनात जातात. म्हणून लोहगावचे परदेशी जग त्या टप्प्यापुरते राहिले आहे. नव्या ए-३२१ एक्सएलआर विमानाचा पल्ला कागदावर ८,७०० किमी आहे. पण हा आकडा लांब, थंड, सखल धावपट्टीचा धरायचा, लोहगावच्या मे महिन्याचा नव्हे.

दुसरी बाब, लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. नागरी उड्डाणांच्या वेळा दलाच्या सरावाला सांभाळून मिळतात. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले. त्याने प्रवाशांची बसण्या-उठण्याची सोय झाली, धावपट्टी मात्र होती तेवढीच राहिली.

प्रश्न (बाणेर) : युरोपला जाणाऱ्या विमानांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो असे वाटते. हे खरे का?

उत्तर : खरे आहे, आणि कोणत्या देशाची कंपनी निवडता यावरही ते अवलंबून आहे. पुणे-लंडन बृहद्वृत्त गुजरातच्या किनाऱ्यावरून सिंध, बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन असे जाते. आता एकेक तुकडा पाहा. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली आणि ती बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत अशीच बंदी होती. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा इराण आणि इराकचे आकाशही बंद झाले.

याचा फटका दिल्लीला जास्त बसला, मुंबईला कमी. दिल्लीहून पश्चिमेला जाताना पाकिस्तान आडवाच येतो. त्यामुळे भारतीय विमानांना आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावरून जावे लागते, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावे लागले. मुंबईहून निघालेले विमान तसेही मस्कतच्या दिशेने समुद्रावरून जाऊ शकते. पुणेकरांनी यातून एवढे घ्यावे की दिल्लीमार्गे तिकीट काढण्याआधी एकूण तास मुंबईमार्गाशी ताडून पाहावेत.

रशियाच्या आकाशाची बंदी २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आहे, भारतीय कंपन्यांना नाही. हेलसिंकी-टोकियो हे उड्डाण पूर्वी सुमारे नऊ तासांचे होते. रशिया टाळून ध्रुवाकडून जायला लागल्यावर ते तेरा तासांच्या आसपास गेले. शहरे होती तिथेच आहेत. तिकीट काढताना म्हणूनच दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासाचा वेळ आठवू नका, त्या तारखेचे वेळापत्रक पाहा.

प्रश्न (चिंचवड) : आई-वडील सत्तरीच्या पुढचे. न्यूयॉर्कला जायचे आहे. थेट विमान बरे की एक थांबा बरा? घरातून घरात किती तास धरावेत?

उत्तर : तब्येत ठीक असेल आणि परवडत असेल तर थेट. घरापासूनचा हिशेब मांडू. मुंबईहून रात्री २ चे विमान आहे. चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते, काही कंपन्यांचे अमेरिकेसाठी त्याहूनही आधी. सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन आणि चाकाच्या खुर्चीची वाट पाहणे धरून रात्री साडेदहापर्यंत टर्मिनलवर असावे. चिंचवड ते मुंबई विमानतळाचे टर्मिनल २ सुमारे १४० किमी. मोकळा रस्ता असेल तर तीन तास. बोरघाटात ट्रक बंद पडला तर पाच. संध्याकाळी साडेपाचला निघा. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणारी गर्दी असते, तेव्हा आणखी तासभर आधी.

उड्डाण सोळा तासांच्या आसपास. उतराल तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सहा आणि न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेसात वाजलेले असतील. इमिग्रेशन, सामान आणि घरापर्यंतची गाडी यांना तीन तास. एकूण साडेसत्तावीस तास. यातले विमानातले फक्त सोळा.

दुबईसारख्या आखाती शहरातून गेल्यास मुंबई-दुबई सव्वातीन तास, थांबा तीन तास, दुबई-न्यूयॉर्क चौदा तास. सोळाचे वीस-सव्वावीस होतात, पण मध्ये पाय मोकळे होतात. गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या काहींना हे सोसते. थांबा दोन तासांपेक्षा कमी आणि पाच तासांपेक्षा जास्त नको. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणे कंपनीवर येते. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली तर ती जबाबदारी तुमची, आणि सामान बाहेर काढून पुन्हा द्यावे लागते. वृद्धांसाठी असे करू नका. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या दूतावासाच्या माहितीवरूनच ठरवा.

अमेरिकेतच विमान बदलायचे असेल, म्हणजे न्यूयॉर्कमार्गे पुढे दुसऱ्या शहरात, तर पहिल्याच अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होते आणि सामान घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्याला तीन तास ठेवा. अबुधाबीमार्गे गेल्यास अमेरिकेचे इमिग्रेशन अबुधाबीतच उरकते आणि अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता येते. इंग्रजी बोलताना अवघडणाऱ्या आई-वडिलांसाठी हा मार्ग आम्हाला चांगला वाटतो, फक्त अबुधाबीतला थांबा त्या रांगेपुरता मोठा हवा.

चाकाची खुर्ची किमान ४८ तास आधी नोंदवा. जागा कडेची, मधल्या वाटेलगतची घ्या. दर दोन तासांनी उठून चार पावले टाकली की पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी असते, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरपेक्षाही उंच. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना सांगून विचारा. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या घड्याळाने घ्यायच्या, तेही निघण्यापूर्वी लिहून घ्या.

प्रश्न (पिंपळे सौदागर) : तिकिटावर नुसते ‘मुंबई’ लिहिले आहे. आता नवी मुंबईचाही विमानतळ झाला. कुठे जायचे?

उत्तर : गावाच्या नावावर जाऊ नका, तीन अक्षरी खूण पाहा. बीओएम म्हणजे अंधेरी-सहारचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. नवी मुंबईहून प्रवासी उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली. पुण्याहून जाताना तो आधी लागतो आणि मुंबई शहरातली वाहतूक टळते. पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर मध्ये तीस-चाळीस किलोमीटरचा शहरी रस्ता आहे. त्या जोडणीला पाच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका, आणि टर्मिनलचा क्रमांक निघण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.